मनी हाय, बा

एकदा तिकडं जाऊन आले, आता खोकी बांधता बांधता हे लिहिते आहे. गेल्या आठ दिवसांत चिपळुणातल्या ओळखीच्या प्रत्येक माणसानं मला तेच विचारलंय : "सोलापूरकडं? तिथं कोण आहे तुमचं?" भाजीवालीनं विचारलं, पोस्टमननं विचारलं, आमच्या जुन्या डॉक्टरांनी तर फोन करून विचारलं. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं म्हणजे घसा बसायची वेळ. तेव्हा एकदाच लिहून ठेवते. वहिनीनं हवं तर दारावर चिकटवावं.

मी सुमन. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. लग्न केलं नाही, दादा-वहिनीच्या घरी मागच्या खोलीत राहिले. मला दृष्टान्त वगैरे होत नाहीत. माझा सगळा जन्म थर्मामीटर आणि तक्ते यांत गेलाय, जे दिसतं ते लिहायचं, एवढीच सवय. म्हणून देवानं मला बोलावलं असं म्हणताना माझी मलाच लाज वाटते. पण दुसरा शब्द सापडत नाही.

झालं असं. दोन वर्षांपूर्वी चिरेखाणीवर काम करणारी एक पोर आमच्याकडे बाळंत झाली. महादेवी तिचं नाव. सोबत सासू होती, गौरव्वा, अक्कलकोटच्या पुढच्या मैंदर्गीची. घरची भाषा कानडी, मराठी तोडकीमोडकी. बाळंतीण अडली होती, मी दोन दिवस तिथून हलले नाही. निघताना गौरव्वानं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाली, "आमच्या गल्लीत म्हातारी मानसं लई. पोरं सगळी भाईरगावाला. दवाखाना हाय, पर तितपातुर चालवत न्हाय. तू ये की शिस्टर."

मी हसले. पण ते वाक्य गेलं नाही. देवापुढं दिवा लावला की पहिल्यांदा तेच आठवायचं. निरोपाच्या कार्यक्रमात माझ्या खांद्यावर शाल पडली, तेव्हाही सगळे माझ्याबद्दल बरं बोलत होते आणि मला ऐकू येत होतं, तू ये की शिस्टर. दोन वर्षं एकच वाक्य डोक्यात राहिलं तर त्याला काय म्हणायचं?

शेवटी गौरव्वानं लिहून दिलेल्या नंबरावर फोन केला. तो तिच्या घराजवळच्या एका दुकानाचा. तिला बोलावून आणलं. मी ओरडून विचारलं, "गौरव्वा, मी रिटायर झाले. मी खरंच येऊ का?" मागं पिठाची गिरणी चालू होती. ती भराभरा कानडीत काहीतरी बोलली, त्यातलं मला काही कळलं नाही. फोन कट व्हायच्या आधी तेवढं एक स्वच्छ ऐकू आलं : "मनी हाय, बा."

मनी हाय. मनी म्हणजे मनात. आमच्याकडे भजनात येतो हा शब्द. आणि 'बा' म्हणजे आपण 'बघ बा', 'कर बा' म्हणतो तसा, मायेचा. मनात आहे बा. ही बाई गिरणीच्या घरघरीत उभी राहून पोथीतलं बोलते आहे!

दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मनात आहे ते ठीक गो, पण मनात राहायला जागा असते का? राहायला घर लागतं, घर!"

मग मी ग्रामदेवीला कौल लावला. आमच्याकडची ही पद्धत बाहेरच्यांना सांगावी लागते. गुरव देवीच्या अंगावर दोन्हीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो. आपण प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. उजवीकडची आधी पडली तर होकार. मी विचारलं, "जाऊ का?" गुरवानं हात काढला न काढला तोच उजवी पाकळी खाली.

"कुठं उतरायचं ते विचारलंस का?" दादा म्हणाला. नव्हतं विचारलं. "खायचं काय? करायचं काय? कोणाकडे?" काहीच विचारलं नव्हतं. "म्हणजे देवीनं कौल दिला," दादा म्हणाला, "पण डोक्यावर कौलं कोण घालणार?" स्वतःच्याच विनोदावर तो इतका खूश झाला की संध्याकाळपर्यंत तो विनोद चहाच्या टपरीवर पोचला होता.

महिना असा वादावादीत गेला. पुतण्या पुण्याला असतो, त्याला मुलगा झालाय. मी तिकडं बाळ सांभाळायला जाणार हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, मला सोडून. बाळावर माझा राग नाही. पण एकदा तिथं गेले की तिथलीच झाले, हे मला दिसत होतं. शेवटी दादाशी ठरलं : मी जाऊन बघायचं. रविवारपर्यंत डोक्यावर छप्पर मिळालं तर माझं खरं. नाही मिळालं तर मुकाट्यानं परत यायचं आणि पुण्याची गाडी धरायची. पुन्हा देवाचं नाव मध्ये आणायचं नाही.

गुरुवार, सोलापूर

दिवसभर एसटीनं हाडं खिळखिळी केली, त्याबद्दल काय लिहायचं. घाट चढून पुढं गेल्यावर डोंगर संपले ते संपलेच. आमच्याकडे कुठंही बघितलं तरी नजरेला काहीतरी अडवतं, डोंगर, माड, शेजाऱ्याची पडवी. इथं नजर सुटते ती सुटतेच. कापणीला आलेली ज्वारी आणि वर हे एवढं आभाळ. मला पहिल्यांदा उघड्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं.

सिद्धेश्वराच्या तळ्याजवळ एका धर्मशाळेत खोली मिळाली. खाली एक बाई खानावळ चालवायची. ताटात एक गोल, पातळ, कडकडीत वस्तू आली. मी पापड समजून बाजूला ठेवली आणि भाकरीची वाट बघत बसले. बराच वेळ बसले.

"खावा की," बाई म्हणाली.

"भाकरी येऊ दे."

"अवो हीच भाकरी हाय! कडक भाकरी. म्हैनाभर टिकती."

शेजारच्या टेबलावर तेलुगूत गप्पा मारणाऱ्या दोघीजणी हे ऐकून इतक्या हसल्या की त्यांचं पाणी सांडलं. मग एकीनं उठून मला दाखवलं, भाकरी मोडायची कशी आणि शेंगाची चटणी दह्यात कालवायची कशी. चटणी तिखटजाळ, पण दोन घास गेल्यावर हात थांबेना. मासे मात्र कुठं दिसेनात. गौरव्वाच्या घरी तर दिसणारच नव्हते, ती लिंगायत. मासे सोडावे लागतील, हे देवीनं पाकळी पाडताना सांगितलं नव्हतं.

शुक्रवार, तळ्याकाठी

सकाळी मैंदर्गीचा नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एका गोड आवाजानं सांगितलं. पुन्हा लावला. पुन्हा गोड आवाज. तिसऱ्यांदा मी त्या बाईशी भांडलेच.

आता माझ्याकडे काय होतं? गौरव्वा हे नाव आणि मैंदर्गी हे गाव. खानावळीच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "त्या बाजूला घराआड एक गौरव्वा हाय. कुटली धुंडता?"

मी देवळात जाऊन बसले. चारी बाजूंनी पाणी, मधोमध देऊळ, छान वारा. बसल्यावर मला भीती वाटायला लागली. साठीला आलेली बाई, एका वाक्यावर आणि एका पाकळीवर एवढ्या लांब आली. हे बोलावणं नसून पुण्याला जायचा कंटाळा असला तर? माझ्याच मनातलं मी देवाच्या तोंडी घातलं असलं तर? 'मनी हाय' चा अर्थ तोही होऊ शकत होता. मनात आहे, म्हणजे फक्त मनातच आहे.

बाहेर एक फुलवाली बसली होती. तिला विचारलं, इथं कौल कुठं लावतात.

"त्ये काय असतंय?"

मी सगळं समजावलं. गुरव, पाकळी, डावं, उजवं. तिनं हार ओवता ओवता नीट ऐकून घेतलं.

"आन् डाव्या अंगाची पडली तर?"

"तर जायचं नाही."

"तुमी तर आलाय की," ती म्हणाली. "मंग आता कशाला इचारताय?"

मी तिच्याकडून एक हार घेतला आणि देवाला वाहून आले. प्रश्न काही विचारला नाही.

शनिवार, होटगी (चुकून)

मैंदर्गीला जायला अक्कलकोट रोड स्टेशनला उतरून पुढं जीप धरायची असं कळलं. स्टेशनवर मी एका गृहस्थांना विचारलं, "ही गाडी होटगीवरून जाते ना?" ते व्हय म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. होटगीवरून अक्कलकोटकडच्याही गाड्या जातात आणि विजापूरकडच्याही, हे मला ठाऊक नव्हतं. डब्यातल्या एका बाईनं विजापूरच्या लेकीबद्दल बोलायला सुरुवात केली तेव्हा माझ्या लक्षात आलं. होटगीला पिशव्या खाली फेकल्या आणि मागोमाग मीही.

पुढची गाडी यायला भरपूर वेळ होता. बाकावर एक म्हातारे गृहस्थ शेंगा सोलत बसले होते. रेल्वेतनं निवृत्त झालेले, घरी वेळ जात नाही म्हणून रोज येऊन बसतात. त्यांनी मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि चौकशी सुरू केली.

"कुटं निगाला?"

"मैंदर्गीला."

"मंग ही गाडी कशाला धरली? ही इजापूरला जाती की! बरं झालं हितं उतरला. हितंच रूळ दोनीकडं फुटत्यात. तितं कोन हाय तुमचं?"

मी दमले होते. खोटं बोलायचीही ताकद नव्हती. म्हटलं, "नक्की कोणी नाही. देवानं बोलावलंय असं वाटतं, म्हणून चाललेय."

त्यांनी शेंग चावायची थांबवली. "आन् देवानं पत्ता न्हाय दिला?"

"नाही."

ते बराच वेळ हसले. मीही हसले, महिन्याभरात पहिल्यांदा. मग ते म्हणाले, "बाई, इंजानवाल्याला बी म्होरच्या सिग्नलापातुरच कळतंय. तेवढं हिरवं असलं की बास. सगळी वाट हिरवी झाल्याव निगतो म्हनला, तर गाडी सोलापुरातच कुजंल की."

हे वाक्य दादाला ऐकवायचं म्हणून मी मनात घोळवत होते, तेवढ्यात रुळांपलीकडं एक बाई "बा! बा! बा इल्ली!" असं ओरडायला लागली. मला वाटलं बापाला हाक मारतेय. आली ती एक काळी शेळी. मी म्हटलं, या मुलखात शेळीलाही बा म्हणतात, भारी माया आहे.

मैंदर्गी

जीपनं मला गावाच्या अलीकडच्या वळणावरच उतरवलं. साडेतीन वाजले होते. परतीची शेवटची जीप पाचला, ड्रायव्हरनं दोनदा बजावलं.

"गौरव्वाचं घर?"

"कंची गौरव्वा? मळ्याकडची, मठाकडची, का गिरनीपाशी ऱ्हाती ती?"

गिरणी! फोनवर घरघरत होती ती! "गिरणीपाशी," मी म्हटलं. "सून कोकणात होती ती."

"चिऱ्याची गौरव्वा म्हना की! तिरप्या गल्लीनं जावा."

घर सापडलं. ठेंगणं, दगडी, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दाराला कुलूप. शेजारी लागून तसंच आणखी एक घर, त्यालाही कुलूप. मी कट्ट्यावर बसले. चार वाजले. सव्वाचार. देवा, इथवर आणलंस आणि कुलूप दाखवलंस, असं मी चक्क मोठ्यानं म्हणाले. पुण्याच्या बाळाला कुठली अंगाई म्हणायची, इथपर्यंत माझा विचार गेला होता. पिशव्या उचलल्याही होत्या.

समोरच्या दारातून एक म्हातारा काठी टेकत बाहेर आला. मल्लप्पा त्याचं नाव, हे मग कळलं. "कोन पायजे?"

"गौरव्वा."

"ती स्टँडवर गेली असंल. रोज जाती ह्या टायमाला. सून बी रानात हाय."

"स्टँडवर कशाला?"

"कोन नर्सबाई येनार हाय म्हनं कोकनातनं. म्हैना झालं, रोज जीप बघून येती. बाई काय येत न्हाय, ही काय जायची ऱ्हात न्हाय."

मी पिशव्या खाली ठेवल्या. महिनाभर मी चिपळुणात दादाशी भांडत होते, पाकळ्या चिकटवत होते, देवानं बोलावलं की नाही बोलावलं याचा कीस पाडत होते. आणि हा महिनाभर इथं एक म्हातारी रोज जाऊन उभी राहत होती.

ती गल्लीच्या तोंडाशी दिसली. मागोमाग महादेवी, डोक्यावर कडब्याची पेंढी, बोटाला धरून चालणारी दोन वर्षांची पोर. म्हणजे माझ्या हातावर जन्मलेली ती. गौरव्वानं मला ओळखलं, आणि रडण्या-भेटण्याच्या आधी ती कडाडली.

"म्हैना झालं शिस्टर! म्हैना! मनी हाय, बा म्हनलं की तुला! आयकू आलं न्हाय व्हय?"

"आलं की," मी म्हटलं. "मनात आहे, म्हणालात."

महादेवी पेंढी खाली टाकून हसत सुटली. चिरेखाणीवर राहून तिचं मराठी चांगलं झालंय. "मनात न्हवं ओ शिस्टर! मनी म्हंजी घर, आमच्या कानडीत. आन् बा म्हंजी ये. घर हाय, ये, म्हनली ती!"

मनी हाय, बा. घर आहे, ये.

राहायला घर लागतं, घर, असं दादा ओरडत होता, तेव्हा उत्तर येऊन पडलं होतं. मीच त्याचं भजन करून ठेवलं.

गौरव्वानं कमरेची किल्ली काढून शेजारच्या घराचं कुलूप उघडलं. ते तिच्या थोरल्या मुलाचं. तो बायकापोरांसह पुण्यात असतो, घर बंद राहून पडेल म्हणून आईच्या जिवाला घोर. दोन खोल्या, खाली शहाबादी फरशी, लखलखीत. एक बाज. कोपऱ्यात पाण्याचा माठ, त्यावर पालथा तांब्या. मी तांब्या बुडवून पाणी प्याले. ताजं होतं.

"रोज वतून देती आन् रोज नवं भरती," महादेवी सासूकडं बोट करून म्हणाली. "मी म्हनलं, अत्ती, येऊ तर दे बाईला. आयकत न्हाय."

तेव्हा मी रडले. लाज वगैरे काही वाटली नाही. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या उशाशी पाणी भरून ठेवलं, माझ्यासाठी असं कोणी भरून ठेवलेलं मला आठवत नाही. पाचची जीप हॉर्न वाजवत निघून गेली, तो आवाज मी त्या फरशीवर बसून ऐकला. इतकं हलकं मला दवाखान्यातून शेवटच्या दिवशी बाहेर पडतानाही वाटलं नव्हतं.

रविवार

सकाळी दार उघडलं तर कट्ट्यावर सातजणं. प्रत्येकाच्या हातात औषधांची प्लास्टिकची पिशवी. "शरणार्थी," एकेकजण हात जोडून म्हणाला. हा लिंगायतांचा नमस्कार, मीही हात जोडले.

मल्लप्पाची पिशवी पहिली. पाच प्रकारच्या गोळ्या, नावं सगळी इंग्रजीत, पोरगा दर महिन्याला पाठवतो. "कशा घेता?" विचारलं.

"गुलाबी सकाळच्याला. बाकीची कडू लागत्यात."

बाकीच्यांत रक्तदाबाची होती! मी डॉक्टरांचा कागद मागितला, एकेक गोळी ताडून बघितली आणि महादेवीकडून रंगीत दोरे घेतले. सकाळच्या पाकिटाला पिवळा, दुपारच्याला हिरवा, रात्रीच्याला काळा. मल्लप्पानं तीनदा म्हणून दाखवलं. मी डॉक्टर नाही, हे प्रत्येकाला बजावलं. जे डॉक्टरनं लिहिलंय तेच तुमच्या पोटात जातंय का, एवढंच मी बघणार. दोघांना अक्कलकोटला दाखवायला पाठवायचं ठरलं. एकीच्या पायाची पट्टी बदलली. दुपारी गौरव्वानं गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर केली, वर तुपाची धार. मासे आठवले, नाही असं नाही. पण हुग्गी दोनदा घेतली.

मला कुठल्या कामाला बोलावलंय, हे कोणी मला सांगितलं नाही. दुपारपर्यंत करून मात्र झालं होतं.

मुदतीचा दिवस होता, म्हणून संध्याकाळी माळवदावर चढून दादाला फोन लावला. वर बसायला जागा, चहूकडं ज्वारी, शेजारच्या माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या. आमच्या उतरत्या छपरावर कोणी बसायला गेलं तर अंगणातच पोचेल.

"काय मग," दादा म्हणाला, "मिळाली का कौलं?"

"नाही," मी म्हटलं. "कौलं नाहीत. माळवद आहे. मातीचं. मी त्यावरच बसलेय आत्ता."

मग त्याला सगळं सांगितलं. मनी म्हणजे काय ते सांगितलं, बा म्हणजे काय ते सांगितलं, रोज बदललेल्या पाण्याचं सांगितलं. तो हसेल, टपरीवर सांगेल, निदान शेळीवरून तरी काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले.

मग तो म्हणाला, "मातीचं ते, गळत नाही ना गो?"